जोन्स हातमशीन: राणी अलेक्झांड्रा यांच्या नावावरून साल ठरवता येईल का?

नमस्कार. मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथील जुन्या वस्तूंच्या बाजारातून मी गेल्या महिन्यात जोन्स कंपनीचे हाताने फिरवायचे शिलाई मशीन (हातमशीन) घेतले. त्याचे साल ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

मशीन ‘फॅमिली सी. एस.’ या प्रकारचे आहे. आत बंदुकीच्या गोळीसारखे लांबट शटल (खालचा दोरा वाहून नेणारा भाग) असून काडीसारख्या बॉबिनवर कुणीतरी भरलेला निळा दोरा अजून तसाच आहे. कापड जिथून सरकते तिथली सोनेरी वेलबुट्टी पार झिजली आहे. मात्र हे मशीन ब्रिटनच्या राणी अलेक्झांड्रा यांना पुरवल्याचे सांगणारी इंग्रजी ओळ स्वच्छ वाचता येते.

अलेक्झांड्रा १९०१ साली राणी झाल्या, तेव्हा मशीन त्याआधीचे नाही, हे उघड आहे. त्यांचे पती, राजे सातवे एडवर्ड १९१० मध्ये वारले म्हणून विक्रेता मशीन त्या सालाच्या आतले समजतो. हा तर्क मला लंगडा वाटतो, कारण पतीच्या पश्चात त्या १९२५ पर्यंत हयात होत्या आणि हाती आलेले असे बिरुद कोणताही कारखानदार सहजासहजी पुसून टाकणार नाही.

जाहिरातबाजीत ही कंपनी मुळीच मागे नव्हती. विल्यम जोन्स यांनी थॉमस चॅडविक यांच्या भागीदारीत अ‍ॅश्टनलाच हाव (Howe) आणि विल्सन या अमेरिकी संशोधकांच्या रचनांवर परवान्याने मशीन बनवायला सुरुवात केली. ही भागीदारी १८६३ पर्यंत चालली. चॅडविक पुढे ब्रॅडबरी या दुसऱ्या शिलाई मशीन कंपनीत गेले, तर जोन्स यांनी १८६९ मध्ये गाइड ब्रिज येथे कारखाना काढला. उत्तम प्रतीची शिलाई मशीनच तेवढी बनवणारा इंग्लंडमधील सर्वांत मोठा कारखाना आपलाच, असा दावा त्यांच्या १८९३ च्या जाहिरातीत आहे. यातला ‘इंग्लंड’ हा शब्द मोठा चलाख आहे, कारण सिंगरचा क्लाइडबँकचा अवाढव्य कारखाना १८८५ पासून स्कॉटलंडमध्ये चालू होता. पुढे १९६८ साली जपानच्या ब्रदर कंपनीने जोन्स कंपनी विकत घेतली, तरी जोन्स हे नाव नव्या मशीनवर आणखी काही वर्षे टिकले.

माझा मुख्य प्रश्न असा की, राणींच्या नावाची ही ओळ कंपनीने कोणत्या सालापर्यंत छापली, आणि मशीनच्या पाटावर कोरलेल्या क्रमांकावरून साल काढता येईल अशी नोंदवही कुणी पाहिली आहे का? उजेड तिरका पाडून क्रमांक वाचला आहे. फक्त शेवटचा आकडा तीन की आठ, हे नक्की होत नाही. त्याचे छायाचित्र पहिल्या प्रतिसादात देत आहे.