एचएमआयएस बेंगाल: माइनस्वीपरने एवढी मोठी जपानी रेडर बुडवली का?

समुद्रवेडा
नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या नौदलाबद्दल, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीबद्दल वाचतोय. ११ नोव्हेंबर १९४२ ला बेंगाल नावाच्या जहाजाने दोन जपानी जहाजांशी एकटीने झुंज दिली असं वाचलं. पण बेंगाल तर सुरुंग काढणारं जहाज ना? मग ती हिंदी महासागराच्या मध्यात टँकरबरोबर काय करत होती? आणि त्या दोन जपानी रेडरपैकी (व्यापारी जहाजांवर हल्ले करणारी सशस्त्र जहाजं) होकोकू मारू नेमकी कुणी बुडवली, बेंगालने की टँकरने? एका ठिकाणी एक लिहिलंय, दुसरीकडे भलतंच. पुढे बेंगालचं काय झालं तेही कुणाला माहिती असेल तर सांगा.

डॉकयार्डवाला
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. बेंगाल बाथर्स्ट वर्गातली. ऑस्ट्रेलियात अशी ६० जहाजं बांधली, त्यातली ४ आपल्याकडे आली: बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. नावाला माइनस्वीपर पण बांधतानाच दोन्ही कामं डोक्यात ठेवलेली, म्हणून अॅस्डिक (आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारं यंत्र) आणि डेप्थ चार्जेस (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) हेही असायचे, पाणबुडी शोधायची, काफिल्याबरोबर जायचं, आणि बंदराच्या तोंडाशी सुरुंग असतील तर तेही साफ करायचे. सुरुंग काढायचं काम असं चालायचं की जहाजामागे लांब वायर सोडायची, वायरच्या टोकाला फ्लोट, तो वायरला बाजूला ताणून धरतो, आणि तळाशी बांधलेल्या सुरुंगाचा दोर वायरवरच्या कटरमध्ये आला की तुटतो. सुरुंग वर येतो, मग डेकवरून रायफलने गोळ्या मारून त्याचा निकाल लावायचा. या कामाला स्पीड लागत नाही, म्हणून या बोटींचा वेग जेमतेम १५ नॉट.

बेंगाल सिडनीच्या कॉकाटू डॉकला बांधली, ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत आली. नवी कोरी बोट मुंबईला यायला निघालेली, वाटेत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटापर्यंत डच टँकर ओंडिनाला सोबत करायची होती. बस, एवढंच साधं काम होतं.

भाट्ये_खाडी
वरच्याला जोडून. समोर जे आले ते होकोकू मारू आणि आयकोकू मारू, प्रत्येकी १० हजार टनांच्या वरची जहाजं, १४० मिमीच्या तोफा, टॉर्पेडो, वर विमानंसुद्धा. याच जोडीने त्या वर्षी जेनोटा आणि हाउराकी ही दोन जहाजं पकडून नेली होती. आणि बेंगाल साधारण ६५० टनांची, पुढे एक १२ पौंडी तोफ, बाकी बोफोर्स आणि ऑर्लिकॉन या विमानविरोधी तोफा. या वर्गाला ४ इंची तोफ बसवतात पण बेंगालला ती मिळालीच नव्हती!

आता विल्सनने काय केलं बघा. लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन बेंगालचा कॅप्टन होता. त्याने ओंडिनाला सांगितलं तुम्ही निघा, आणि स्वतः बोट सरळ होकोकूच्या दिशेने वळवली. पळून वाचणं शक्यच नव्हतं, समोरच्याचा वेग जास्त, मग निदान टँकरला वेळ तरी मिळेल. मला हा निर्णय सगळ्यात मोठा वाटतो, तोफेचा गोळा कुणाचा लागला त्यापेक्षाही.

समुद्रवेडा
हो पण गोळा कुणाचा?

भाट्ये_खाडी
ओंडिनाही पळाली नाही, तिच्याकडे ४ इंची तोफ होती आणि गोळे फक्त ३२. तीही फायर करत राहिली. होकोकूच्या मागच्या बाजूला गोळा लागला, टॉर्पेडोजवळ स्फोट झाला, आग पसरली, नंतर दुसरा मोठा स्फोट होऊन ती बुडाली. बेंगालचे लोक म्हणाले आमचा, ओंडिनाचे म्हणाले आमचा. ४ इंची गोळा जड, त्यामुळे बरेच जण ओंडिनाच्या बाजूने मत देतात आणि मलाही ते पटतं. पण बेंगाल अंगावर गेली नसती तर ओंडिनाला तो नेम धरायला वेळच मिळाला नसता, म्हणून हे यश दोघांचं लिहावं.

डॉकयार्डवाला
पुढचा भाग लोक विसरतात. दारूगोळा संपत आला तशी बेंगाल धुराच्या पडद्याआड निघाली, गोळे लागले होते तरी एकही माणूस गेला नाही. ओंडिनावर मात्र कॅप्टन विलेम हॉर्समन मारले गेले, गोळे संपल्यावर खलाशी होड्यांत उतरले आणि आयकोकूने त्या होड्यांवर मशिनगन चालवली. जहाजाला टॉर्पेडोही मारले. पण टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे ती तरंगत राहिली! आयकोकू होकोकूच्या वाचलेल्या लोकांना घेऊन निघून गेली, मग ओंडिनाचे खलाशी परत जहाजावर चढले, आग विझवली आणि फ्रीमँटल गाठलं. इकडे बेंगालवाले समजत होते ओंडिना गेली.

बेंगाल दिएगो गार्सियामार्गे मुंबईला आली, विल्सनना डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. स्वातंत्र्यानंतर तीच आयएनएस बेंगाल, १९६० मध्ये मोडीत काढली.

कोकणी_माणूस
एक सांगावंसं वाटतं. महायुद्धाआधी या नौदलातले खलाशी मोठ्या संख्येने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान होते, आमच्या बाजूच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या भरती व्हायची. कोकण नावाची माइनस्वीपरही होती, बँगोर वर्गातली. कॅप्टनचं नाव सगळीकडे छापून येतं, पण तोफेवर उभा असलेला, गोळे उचलून देणारा, इंजिनरूममध्ये वाफ टिकवून ठेवणारा कोण होता तेही आपल्याकडे लिहिलं गेलं पाहिजे. कुणाच्या घरात अशा खलाशांची जुनी सर्व्हिस बुकं, फोटो असतील तर इथे टाका, स्कॅन करायला मी मदत करतो.