'ठिगळ' म्हणावं की 'पॅच'? दुरुस्तीच्या शब्दांची चर्चा

पुण्याहून प्रश्न:
शाळकरी मुलांसाठी शिवणाचा छोटा वर्ग घेणार आहे. जीन्सचा गुडघा फाटला की त्यावर रंगीत तुकडा लावायचा आणि कडेने मुद्दाम दिसतील असे टाके घालायचे. याला मराठीत काय म्हणू? 'ठिगळ' लिहिलं तर एका आईने लगेच नाक मुरडलं. 'पॅचवर्क' नको वाटतंय. 'रफू' चालेल का?

सोलापूरहून:
ताई, रफू अजिबात नाही. रफूत वेगळा तुकडा नसतोच. त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून धागे काढून भोकावर उभे-आडवे विणतात, आणि ते दिसलं तर रफूगराची फजिती. शब्द फारसीतून आलेला. आपल्याकडे 'तुणणे' होतं, आता कुणी म्हणत नाही. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हटलंय, 'तुणणे' त्याच कुळातलं दिसतं. तुम्हाला लपवायचं नाहीये, दाखवायचंय. मग ते ठिगळच.

नागपूरहून:
त्या आईला हसू नका. या शब्दाला गरिबी चिकटलेली आहे. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, हे आपण हताश होऊनच म्हणतो. कायद्यालासुद्धा 'ठिगळं लावली' म्हणतात ती टीका म्हणूनच. गाडगेबाबांना (1876–1956) फाटक्या गोधडीमुळे लोक गोधडेबुवा म्हणायचे, पण त्यात मान बाबांचा होता, गोधडीचा नव्हे.

नगरहून:
दुरुस्तीच्या शब्दांत माझ्या मते सगळ्यात देखणा शब्द 'दंड' आहे आणि तो इथे कुणालाच आठवला नाही! नऊवारी लुगडं बसण्या-उठण्याने मधेच विरतं, दोन्ही टोकं मात्र धडकी राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि धडके तुकडे एकमेकांना जोडायचे. याला लुगड्याला दंड घालणं म्हणतात. दोन जुनेर लुगड्यांचं मिळून एक नेसतं लुगडंही व्हायचं. वरून तुकडा लावला की ठिगळ, मधला काढून जोडलं की दंड. शिवाय 'विरलं' आणि 'फाटलं' यांतही फरक करायचे. फाटलेल्याला ठिगळ धरतं. विरलेल्याला नुसतं भोकापुरतं लावलं तर कडेने पुन्हा जातं, म्हणून ठिगळ चांगल्या कापडापर्यंत न्यावं लागतं. एवढं सगळं ज्यांच्या रोजच्या बोलण्यात होतं त्या बायकांना 'व्हिजिबल मेंडिंग' शिकवायला आता इन्स्टाग्रामवर रीळं निघतात, असो.

आणि दंडालाही जेव्हा लुगडं दाद देत नाही तेव्हा ते गोधडीत जातं. आमच्याकडे गोधडी आणि वाकळ दोन्ही म्हणतात.

बेळगावहून:
इकडे कानडी घरात कौदी. आमच्या खाली उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज, घरात कोकणीच्या जवळची बोली. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून टाके आत आत मध्याकडे नेतात. तिथे बारक्या उठावदार तुकड्याला 'टिकली' म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांत घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात त्यांना 'फुलं'. कोपऱ्यात फुलं नसतील तर कवंदी उघडीनागडी समजतात! मुलांच्या गुडघ्यांसाठी मला 'टिकली' आवडेल. लहान आहे आणि सजवायलाच लावतात.

पुण्याहून:
'टिकली' गोड आहे, पण आपल्याकडे ती कपाळावरच जाईल. भरतकाम, विणकाम, तसं 'ठिगळकाम' लिहिलं तर?

नागपूरहून:
'-काम' लागलं की कसब वाटतं खरं. माझी हरकत मागे. पण आतल्या मजकुरात उगाच 'वस्त्रखंड-योजना' वगैरे घालू नका, पोरं पळून जातील.

सोलापूरहून:
रफूचक्कर होतील म्हणा.

नगरहून:
'ठिगळकाम' मला पटलं. फक्त सामानाच्या यादीत 'कापड' एवढंच लिहू नका, 'कोरं नको' असंही लिहा. कोरं म्हणजे दुकानातून आणलेलं, पाणी न लागलेलं. मत्तयच्या शुभवर्तमानात (9:16) जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये असा जो दाखला आहे, तो शिवणाच्या हिशेबानेही बरोबर आहे. सुती कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्या कापडाला ओढून भोक मोठं करतं. आणलंच तर आधी भिजवून वाळवून घ्या. तुकड्याचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्यावर ठेवा, आणि कोपरे गोल कापा. टोकदार कोपरे आधी सुटतात, गुडघ्यावर तर हमखास.

पुण्याहून:
कोपरे गोल केले तर कड आत दुमडताना चुण्या पडतात ना? मुलांचे हात बारीक असले तरी सफाई नसते.

नगरहून:
दुमडायच्या कापडात कात्रीने बारीक बारीक चिरा द्या, पण दुमडीच्या रेषेच्या अलीकडेच थांबा. तरी नाही जमलं तर जुन्या जीन्सचाच तुकडा घ्या आणि कड न दुमडता काजाच्या टाक्याने चहूकडून बांधून टाका. जाड असतं, फारसं उसवत नाही.