सहकुटुंब स्कीइंग : गुलमर्ग की औली?

घोडबंदरकर (ठाणे)
मी २००३ साली मनालीजवळच्या सोलंगला १४ दिवसांचा प्राथमिक स्कीइंग अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्यानंतर बर्फावर पाऊल ठेवण्याचा योग आला नाही. आता पत्नीला आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही शिकायचे आहे. नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जावे की औलीला, आणि इतक्या वर्षांनी उतारावर उभे राहताना मी कोणती काळजी घ्यावी, हे ज्यांनी मुलांसह अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

पारसिकच्या पायथ्याशी (कळवा)
माझे मत गुलमर्गच्या बाजूने आहे. मात्र नाताळचा बेत कृपया सोडून द्या. काश्मीरचा कडक हिवाळा, म्हणजे चिल्ले कलाँ, २१ डिसेंबरला कुठे सुरू होतो आणि तेव्हा पुरेसा बर्फ असेलच याचा भरवसा नसतो. २०२४ मध्ये तर जानेवारीचा बराचसा काळ गुलमर्ग उघडेबोडके होते. मुलगी प्राथमिक शाळेतच आहे, तेव्हा फेब्रुवारीत आठवडाभराची रजा मागणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

औलीचे उतार नवशिक्यांना सोयीचे आहेत आणि समोर नंदादेवी दिसते, परंतु ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता लहान मुलीला दमवतो. शिवाय जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद करावा लागला. गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि शिकण्याचे सौम्य उतार वस्तीलगतच आहेत. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराकडे जातो. तिथून स्कीवर उतरण्याचा मोह टाळावा, कारण २०२३ आणि २०२४ अशा दोन्ही फेब्रुवारींत त्या भागात हिमस्खलनाने स्कीपटूंचे बळी घेतले आहेत.

टेकडीवाला (खारघर)
मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण पंधरा वर्षांच्या खंडानंतर मीही परतलो होतो. आताच्या स्की आखूड आणि मध्ये निमुळत्या असतात; कडेवर किंचित कलल्या की त्या आपोआप वळू लागतात, त्यामुळे जुन्या लांब स्कीची सवय विसरण्यासाठी पहिला दिवस प्रशिक्षकाबरोबरच घालवा.

भाड्याने स्की घेताना वजन, उंची, वय आणि कौशल्य अगदी खरे सांगा. बूट किती जोर पडल्यावर बाइंडिंगमधून, म्हणजे त्याला स्कीवर पकडून ठेवणाऱ्या खाचेतून, सुटावा हे त्यावरूनच ठरवतात. कौशल्य वाढवून सांगितले तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. बुटात एकच पातळ मोजा घाला, पुढे झुकल्यावर टाच उचलली जात नाही ना ते पाहा. निघण्यापूर्वी दोन महिने जिने चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा, कारण उतारावर मांड्यांना तोच भार सोसावा लागतो. येऊरचा उतार तर आपल्या घराजवळच आहे.

मुलीला सुरुवातीला काठ्या देऊ नका. हात गुडघ्यांवर ठेवून, स्कीची टोके जवळ आणि टाचा दूर अशी पाचर करून थांबणे तिला आधी जमू द्या. हेल्मेट तिघांनाही हवे.

घोडबंदरकर (ठाणे)
मनःपूर्वक आभार. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरवत आहोत. मुलीला चष्मा आहे, त्याचे काय करावे?

टेकडीवाला (खारघर)
चष्म्यावरून बसणारे स्कीचे गॉगल मिळतात. ते इथेच हेल्मेटसह घालून पाहून घ्या. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो, म्हणून ढगाळ दिवशीही ते तिला काढू देऊ नका.