स्कॉटलंडची जुनी फुटबॉल मैदानं: काय होतं, काय उरलंय, काय बदललं? (अनुभव धागा)

ग्लासगोकर

स्कॉटलंडमधल्या जुन्या फुटबॉल मैदानांबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहिलं गेलंय. ते एका जागी यावं म्हणून हा धागा. पण "जुनं ते सोनं" एवढ्यावर थांबू नका. उभं राहायच्या पायऱ्या कशावर बांधल्या होत्या, माणसं आत कशी यायची, बाहेर पडताना कुठे अडकायची, मैदान का गेलं आणि त्या जागी आज काय आहे, ते लिहा. या मैदानांनी आनंद दिला तसे जीवही घेतलेत. दोन्हीचा हिशेब नीट लागायला हवा.

सुरुवात हॅम्पडेनपासून करतो. क्वीन्स पार्क क्लबची या नावाची तीन मैदानं झाली. पहिलं १८७३चं. कॅथकार्ट सर्कल रेल्वेचा मार्ग आड आला आणि ते सोडावं लागलं. आज तिथे बोलिंग क्लब आहे. १८८२मध्ये स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ हरवलं, त्या सामन्याचं भित्तिचित्र तिथे आहे. दुसरं १८८४चं, ते पुढे थर्ड लानार्क क्लबकडे गेलं आणि कॅथकिन पार्क झालं. तिसरं १९०३चं, म्हणजे आजचं हॅम्पडेन. तिन्ही ग्लासगोच्या दक्षिण भागात आहेत, पायी सहज बघून होतात.

एकच बघायला वेळ असेल तर कॅथकिन बघा. थर्ड लानार्क १९६७मध्ये बंद पडला. इथला त्यांचा शेवटचा लीग सामना २५ एप्रिलला क्वीन ऑफ द साउथशी ३-३ असा सुटला. त्यानंतर जागा सार्वजनिक बाग झाली. स्टँड गेलं, पण तीन बाजूंच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे अजून जागेवर आहेत. वरच्या भागात पायऱ्यांमधून झाडं वाढलीत. जुनं मैदान म्हणजे बांधलेली इमारत नसून मातीचा आकार दिलेला उतार होता, हे इथे लगेच कळतं. तिकीट नाही. शेवाळलेल्या काँक्रीटवर पाय घसरतो, तेव्हा खोल खाचेचे बूट घाला.

लोडबेअरिंग

उत्तम धागा. मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे उतारापासूनच सुरू करतो. मातीचाच उतार का, याला रक्तरंजित कारण आहे.

५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोतल्या रेंजर्स क्लबच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना होता. पश्चिमेकडच्या नव्या पायऱ्या लाकडी फळ्यांच्या होत्या आणि खालचा सांगाडा पोकळ. गर्दीच्या भाराने मधल्या फळ्या तुटल्या, भोक पडलं आणि माणसं थेट खाली जमिनीवर कोसळली. २५ मृत्यू, ५००हून जास्त जखमी. आराखडा ग्लासगोच्याच आर्चिबाल्ड लीच या मैदानं आखणाऱ्या अभियंत्याचा होता. खटल्यात लाकडाच्या प्रतीवरून वाद झाला आणि कंत्राटदार निर्दोष सुटला. पण धडा सगळ्यांनी घेतला: उभ्या गर्दीखाली पोकळी ठेवायची नाही. त्यानंतर मोठी मैदानं भराव टाकून बांधली गेली. खाणीचा राडारोडा, राख, माती दाबून उतार करायचा, पायरीच्या तोंडाला रेल्वेचे जुने स्लीपर किंवा काँक्रीटची कड लावायची आणि मागे राख भरायची. राखेतून पाणी झिरपून जातं, हा त्यातला फायदा. दोष असा की स्लीपर कुजला की राख वाहून जाते, पायरीची कड गोल होते आणि गर्दीत पाऊल चुकतं.

दुसरा भाग म्हणजे कठडे. गर्दी उतारावर मागून पुढे ढकलते आणि हा दाब ओळीओळीने साठत जातो. कठडा हा दाब मध्येच तोडतो. उंची साधारण १.१ मीटर, म्हणजे आडवी नळी छातीच्या खाली लागते आणि श्वास अडत नाही. लीचने आपल्या कठड्यांच्या रचनेचं पेटंटही घेतलं होतं. कठडा मोडतो तो बहुधा खांब काँक्रीटमध्ये शिरतो त्या जागी, कारण तिथे पाणी साचून लोखंड आतून गंजतं. वरून रंग ताजा असला तरी तिथे फक्त पापुद्रा उरलेला असू शकतो. म्हणून तपासणीत जॅकने ठरलेला दाब देऊन काही वेळ धरून ठेवतात आणि दाब काढल्यावर कठडा मूळ जागी कितपत परततो ते मोजतात. पुरेसा परतला नाही तर तो बाद, आणि त्यामागच्या पट्ट्यात उभं राहायची परवानगी असलेली माणसंही कमी होतात.

आता १९७१. २ जानेवारी, पुन्हा आयब्रॉक्स, रेंजर्स-सेल्टिक. सामना संपल्यावर १३ क्रमांकाच्या जिन्यावर ६६ माणसं चेंगरून गेली. शेवटच्या मिनिटातल्या गोलमुळे लोक मागे फिरले, असं अजूनही सांगितलं जातं. चौकशीत ते नाकारलं गेलं. सगळे एकाच दिशेने खाली उतरत होते. जिना तीव्र उताराचा, मधल्या कठड्यांनी अरुंद वाटांत विभागलेला आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपण. कोणी एक पडला की मागचे थांबू शकत नाहीत आणि बाजूला निसटायला जागा नाही. याच जिन्यावर १९६१मध्ये दोन माणसं मेली होती. १९६७ आणि १९६९मध्येही लोक जखमी झाले होते.

हे नीट लक्षात घ्या. १९०२मध्ये पोकळ लाकडाने माणसं मारली, १९७१मध्ये जिन्याने. उभं राहून सामना बघणं हे दोन्ही वेळेला कारण नव्हतं. या दुर्घटनेनंतर मैदानांच्या सुरक्षेवर आलेल्या १९७२च्या व्हीटली अहवालातून १९७५चा सुरक्षा कायदा आला आणि परवाना, तपासणी, प्रवेशसंख्या या गोष्टी पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आल्या. रेंजर्सने तर जुनी मातीची वाटी काढूनच टाकली. १९७९ ते १९८१ या काळात तीन आयताकृती स्टँड उभी राहिली, आणि लीचचं १९२९चं लाल विटांचं मुख्य स्टँड तेवढं राखलं. आजही त्याच्या सज्जावर त्याची ओळख असलेली लोखंडी फुल्यांची जाळी दिसते.

फाटकवाला

आत यायच्या बाजूबद्दल लिहितो. जुन्या फाटकांवर ओतीव लोखंडाचं टर्नस्टाइल असायचं. मँचेस्टरजवळच्या एलिसन कंपनीचं 'रश प्रिव्हेंटिव्ह' सगळ्यांत माहितीचं. आतला माणूस नाणी घेतो आणि पायाने पॅडल दाबतो. तेवढ्याने खुंटी सुटते, चाक एक टप्पा फिरतं, एक माणूस आत येतो आणि मोजणीचा आकडा एकाने सरकतो. पॅडल सोडलं की चाक पुन्हा अडतं. सुट्टे पैसे शोधण्यात वेळ गेला की मागची रांग रस्त्यावर जाते.

सुरक्षेच्या नियमावलीत एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. २ जानेवारी १९३९ला आयब्रॉक्सवर रेंजर्स-सेल्टिक सामन्याला १,१८,५६७ लोक होते, ब्रिटनमधल्या लीग सामन्याचा हा विक्रम आहे. याच वेगाने ते सगळे दोन तासांत आत घ्यायचे तर सुमारे ९० टर्नस्टाइलं सतत चालायला हवीत. म्हणून लोक दुपारी लवकरच यायचे. उशिराची गर्दी फाटकाबाहेर तुंबायची, ती वेगळीच.

शिवाय लहान मुलांना मोठी माणसं उचलून चाकावरून आत घ्यायची. "मिस्टर, उचलून घेता का?" असं अनोळखी माणसाला विचारणं ही तिथली रीतच होती. ती मुलं आकड्यात आली नाहीत. १९३७च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याचा हॅम्पडेनवरचा १,४९,४१५ हा आकडाही तेवढं लक्षात ठेवूनच वाचावा.

पर्थवाली

मैदानं जाण्यामागे सुरक्षा होती, तशीच जमीनही होती. जुनी मैदानं गावात, घरांना चिकटून. क्लब कर्जात, आणि सुपरमार्केटला गावातच जागा हवी. पर्थचं म्युअर्टन पार्क ॲस्डाकडे गेलं आणि सेंट जॉनस्टन क्लब १९८९मध्ये मॅकडिअरमिड पार्कवर आला. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीवर, दहा हजारांहून थोड्या जास्त खुर्च्यांचं. पहिल्या विटेपासून सर्व-आसनी (उभं राहायची जागा नसलेलं) म्हणून बांधलेलं हे ब्रिटनमधलं पहिलं नवं मैदान, आणि तेही टेलर अहवालाच्या आधी (हिल्सबरो दुर्घटनेनंतर सर्व-आसनी मैदानांची शिफारस करणारा अहवाल). (ॲबरडीनच्या पिटॉड्रीवर १९७८मध्येच सगळीकडे बसायची सोय झाली होती, पण ते जुनंच मैदान.)

एअर्ड्रीचं ब्रूमफिल्ड १९९४मध्ये गेलं. नवं मैदान उभं राहायला १९९८ उजाडलं, मधली चार वर्षं क्लब दुसऱ्याच्या मैदानावर. घरच्या सामन्यासाठी दर वेळी प्रवास करायचा तर प्रेक्षक तुटतात. २००२मध्ये तो जुना क्लब दिवाळखोरीत संपला. हॅमिल्टनचं डग्लस पार्कही १९९४चंच, पण तिथलं स्टँड मोडीत गेलं नाही. ऑखिनलेक टॅल्बट या ज्युनियर (म्हणजे मुलांच्या नव्हे, खालच्या पातळीवरच्या) क्लबने ते विकत घेऊन आपल्या बीचवुड पार्कवर उभं केलं. बोल्ट-रिव्हेटच्या सांगाड्याचा हा फायदा: क्रमांक टाकून सोडवा, दुसरीकडे जोडा.

सगळ्यांत जिव्हारी लागणारं उदाहरण फॉलकर्कचं. २००३मध्ये ते दुसऱ्या श्रेणीत पहिले आले, पण वरच्या स्कॉटिश प्रीमियर लीगला १०,००० आसनं हवी होती. ब्रॉकव्हिलला ती नव्हती, बढती मिळाली नाही. पुढे थोड्याच काळात ही अट ६,०००वर आली. तोवर ब्रॉकव्हिल पडलं होतं, आज तिथे मॉरिसन्स सुपरमार्केट आहे. सर्व-आसनी सक्ती इंग्लंडमध्ये कायद्याने आली, स्कॉटलंडमध्ये ती लीगच्या नियमाने आली. लीगने थोडा धीर धरला असता तर काही मैदानं वाचली असती, असं माझं ठाम मत आहे.

मधली_रांग

लोडबेअरिंगकाका, एक शंका. जुन्या पायऱ्यांवर नुसत्या खुर्च्या ठोकल्या असत्या तर?

लोडबेअरिंग

बहुतेक ठिकाणी जमत नाही, आणि कारण भूमितीत आहे. तुमची नजर समोरच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते मोजतात. ९० मिलिमीटर चांगलं, ६० चालवून घेतात. समजा तुम्ही टचलाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेषेपासून) २० मीटर मागे आणि डोळे तिच्यापेक्षा ४ मीटर उंच, आणि खुर्चीसाठी ओळीची खोली ८०० मिलिमीटर. ९० मिळवायला पायरी सुमारे २५४ मिलिमीटर उंच हवी. उभं राहायच्या जुन्या पायऱ्या बुटक्या आणि अरुंद. एका खुर्चीसाठी दोन पायऱ्या एकत्र केल्या तरी ८०० खोलीवर चढ १५० च्या आसपास मिळाला, तर नजर समोरच्याच्या डोळ्यांच्याही १० मिलिमीटर खाली जाते. उभा माणूस मान हलवून, बाजूला सरकून बघतो. बसलेल्याला ते करता येत नाही.

जागेचं गणितही बघा. उभ्या गर्दीसाठी १० चौरस मीटरला ४७ माणसं धरतात, आधी ५४ धरायचे. खुर्चीला अर्धा मीटर रुंदी आणि ८०० मिलिमीटर खोली दिली तर तेवढ्यात २५ बसतात. आजच्या हॅम्पडेनला सुमारे ५२ हजार का, याचं अर्धं उत्तर यात आहे. तिथे जुन्या वाटीचा अंडाकृती आकार राखल्यामुळे गोलमागच्या खुर्च्या लांब आणि उतार सपाट. तिकीट काढताना गोलमागे घ्यायचंच असेल तर वरच्या ओळी घ्या, पुढच्या नकोत. २०१४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र ही वाटी कामी आली. खालच्या ओळी काढून, पोलादी खांबांवर जमीन सुमारे १.९ मीटर उचलली आणि तिथे धावपट्टी बसवली.

जंगलच्या_छपराखाली

आवाजाबद्दल कोणीच लिहिलं नाही. सेल्टिक पार्कच्या उत्तर बाजूच्या पायऱ्यांना 'जंगल' म्हणायचे. लांबलचक, बुटकं पत्र्याचं छप्पर, खाली दाटीने उभी माणसं. कठीण पत्रा आवाज शोषत नाही, आणि छप्पर बुटकं म्हणून गाणं मैदानाकडे लगेच परततं. एका कोपऱ्यात सुरू झालेलं गाणं दुसऱ्या टोकाला न रेंगाळता पोचायचं. उंच नव्या छपराखाली ते फाटतं, दोन टोकं मागेपुढे गातात. १९९३मध्ये तिथलं उभं राहणं संपलं, १९९४ ते १९९८मध्ये मैदान नव्याने बांधलं गेलं.

पण २०१६मध्ये त्याच मैदानात एका कोपऱ्यात उभं राहायची सोय परत आली, सुमारे तीन हजार जणांसाठी. रचना साधी आहे. प्रत्येक ओळीला पोलादी कठडा, त्यात घडी होणारी खुर्ची, एका खुर्चीला एकच माणूस. कठडा प्रत्येक ओळीला असल्यामुळे मागचा दाब पुढे साठतच नाही. लीचच्या कठड्याचंच तत्त्व, फक्त दर ओळीला. परत न आलेली गोष्ट एकच: मध्यंतरात आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्या टोकाला चालत जाणं. विभागणीच्या कुंपणांनी ते संपवलं.

अण्णांची_बेकरी

'पाय' (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) याच्याशिवाय धागा अपुरा. स्कॉच पाय साधारण ८ ते १० सेंटिमीटर व्यासाचा, मटणाच्या खिम्याचा, भरपूर मिरी. कणीक गरम पाण्यात चरबी वितळवून मळतात. वाटी आकार देऊन रात्रभर वाळू देतात, कारण ओली वाटी भाजताना बसते आणि चरबी खालून गळते. झाकण कडेपेक्षा सेंटिमीटरभर खाली बसवतात, मध्ये वाफेला भोक. त्या उंच कडेमुळे वर ग्रेव्ही राहते आणि ताटाशिवाय, उभ्याने खाता येतं. पहिला घास कडेचा घ्या, मधून चावलात तर गरम चरबी बाहीवर येते. सोबतचं बोव्हरिल हे गरम पेय गोमांसाच्या अर्काचं असतं, जे खात नाहीत त्यांनी चहा मागावा.

ग्लासगोकर

मंडळी, फार मोलाचं लिहिलंत. ज्यांना उभं राहूनच सामना बघायचाय त्यांच्यासाठी आज चालू असलेल्या जागा: ग्रीनॉकचं कॅपिलो, एअरचं सॉमरसेट पार्क, आर्ब्रोथचं गेफिल्ड. डंडीचं डेन्स पार्कही बघा. लीचचं १९२१चं स्टँड मध्यरेषेपाशी वाकलेलं आहे, आणि त्याच रस्त्यावर थोड्याच अंतरावर डंडी युनायटेडचं टॅनाडिस.

उत्तर_समुद्र

गेफिल्डला जाणाऱ्यांसाठी. समुद्र भिंतीपलीकडेच आहे. वारा समुद्राकडून असेल तर गोलकीपरने उंच मारलेला चेंडू हवेत थांबून मागे येतो, म्हणून वाऱ्याविरुद्धच्या अर्ध्यात संघ जमिनीवरून खेळतात. नाणेफेकीनंतर कोण कुठल्या बाजूला गेलं ते बघून जागा धरा. गोलमागे छप्पर आहे तिथे पावसापासून वाचाल, वाऱ्यापासून नाही. छत्री चालत नाही, टोपी कानावरून ओढता येईल अशी हवी. भरतीच्या वेळी जोराचा वारा असेल तर लाटांचे तुषार भिंतीवरून आत येतात, तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेला पुसायला कोरडं कापड ठेवा, खारं पाणी वाळू देऊ नका. डंडीहून आगगाडीने वीसेक मिनिटं, स्टेशनपासून पायी जाता येतं.