स्केचअप: एकाच भिंतीला चिरा, गिलावा आणि पांढरा पट्टा वेगवेगळा कसा द्यायचा?

सोपो_फोंडा

फोंड्याकडच्या एका कौलारू घराचं स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेल करतोय. बाहेरून जोत्यापासून खिडकीच्या सिलपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) उघडा चिरा (जांभा दगड), त्यावर पिवळा गिलावा, खिडक्यांभोवती 150 मिमीचा पांढरा पट्टा. आतून सगळीकडे चुन्याचा पांढरा रंग. भिंती 350 मिमी जाडीच्या असून ग्रुप केलेल्या (एकत्र बांधलेल्या) आहेत, खिडक्या कंपोनंट (एकाच वस्तूच्या जोडलेल्या प्रती) आहेत.

पेंट बकेटने भिंतीवर क्लिक केलं की आतबाहेर सगळंच पिवळं होतं. चिऱ्याचं टेक्श्चर (पृष्ठभागावर लावायचं चित्र) दिलं तर एकेक चिरा दरवाज्याएवढा दिसतो, आणि ते सरकवायला राइट क्लिक केलं तर टेक्श्चरचा पर्यायच येत नाही. चिऱ्याचा वेगळा पातळ पृष्ठभाग भिंतीवर बसवून पाहिला, तर मॉडेल फिरवताना चिरा आणि पिवळा रंग एकमेकांत लुकलुकतात. जाणकारांनी मार्ग सांगावा.

रेघ_म्हापसा

तुम्ही रंग पृष्ठभागाला नाही, ग्रुपला देताय. बाहेरून ग्रुपवर क्लिक केलं की आतले डिफॉल्ट मटेरियल असलेले सगळे पृष्ठभाग तो रंग घेतात. टेक्श्चरचा पर्यायही त्यामुळेच दिसत नाही. तो ज्या पृष्ठभागाला स्वतःचं मटेरियल आहे, त्यालाच मिळतो.

आधी ग्रुप निवडून एंटिटी इन्फोमध्ये त्याचं मटेरियल परत डिफॉल्ट करा. मग डबल क्लिक करून आत जा. टेप मेझरने जोत्याच्या कडेपासून सिलच्या उंचीवर, समजा 900 मिमीवर, गाइड टाका आणि भिंतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाइन मारा. सिलेक्ट करून बघा: फक्त खालचा भाग निवडला गेला तर पृष्ठभाग तुटलाय. अख्खी भिंत निवडली गेली, तर लाइनचं एखादं टोक कडेला टेकलेलं नाही.

खिडकीचं भोक भिंतीत खरंच पाडलेलं असेल तर भोकाच्या कडा निवडून ऑफसेटने बाहेरच्या बाजूला 150 द्या. मात्र खिडकीचा कंपोनंट ‘कट ओपनिंग’वाला असेल तर तो एकाच पृष्ठभागाला भोक पाडतो. 350 मिमीच्या भिंतीत आतली बाजू बंदच राहते, आणि ऑफसेटला धरायला कडाही मिळत नाहीत. अशा ठिकाणी भोक हाताने, पुश-पुलने (पृष्ठभाग आत-बाहेर ढकलायचं टूल) आरपार पाडलेलं बरं.

आता कीबोर्डवर बी दाबून पेंट बकेट घ्या आणि एकेक भाग रंगवा. कंट्रोल धरून क्लिक केलं तर त्याला जोडलेले, त्याच मटेरियलचे सगळे पृष्ठभाग रंगतात. शिफ्ट धरलं तर त्या मटेरियलचा मॉडेलभरातला प्रत्येक पृष्ठभाग बदलतो, म्हणून शिफ्ट जपून.

लुकलुकण्याचं कारण म्हणजे दोन पृष्ठभाग अगदी एकाच पातळीत आहेत आणि पुढे कोणता, हे ग्राफिक्स कार्डला ठरवता येत नाही. तो पातळ पृष्ठभाग काढून टाका. त्याऐवजी गिलाव्याचा भाग पुश-पुलने 12 ते 15 मिमी बाहेर घ्या. खरा गिलावाही साधारण तेवढाच चिऱ्याच्या पुढे असतो, आणि रेंडरमध्ये (मॉडेलवरून बनवलेल्या खऱ्यासारख्या चित्रात) त्या कडेखाली पडणाऱ्या सावलीच्या रेघेने भिंत जिवंत दिसते. बाहेर आलेल्या कडेलाही पिवळा द्यायला विसरू नका.

पोत_डिचोली

चिऱ्याच्या मापाबद्दल. मटेरियलच्या एडिट टॅबमध्ये रुंदी आणि उंचीचे दोन आकडे असतात. ते एका चिऱ्याचे नसून पूर्ण चित्राचे असतात. चित्रात उभे 4 थर आणि आडवे 3 चिरे असतील, सांध्यासकट एक थर 200 मिमी आणि एक चिरा 380 मिमी भरत असेल, तर उंची 800 आणि रुंदी 1140 लिहा. प्रमाण जमत नसेल तर शेजारची साखळी (रुंदी-उंची एकत्र बांधणारं चिन्ह) आधी उघडा. चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं, तेव्हा जागेवर टेप लावून मोजा.

फोटो स्वतः काढणार असाल तर ढगाळ उजेडात, भिंतीच्या अगदी समोर उभं राहून काढा. उन्हात चिऱ्याच्या प्रत्येक भोकात सावली धरते, आणि मॉडेलमधला सूर्य दुसऱ्या बाजूला असला की भिंत खोटी वाटते. पावसाळ्यात काढलेल्या फोटोत चिरा काळपट आणि शेवाळलेला येतो, तोच तुकडा भिंतभर फिरून दिसतो.

कौलांनाही हाच हिशोब. मंगळुरी कौल साधारण 410 बाय 235 मिमी, पण एकावर एक चढत असल्याने दिसतो तो भाग सुमारे 350 बाय 210. पूर्ण माप घातलं तर छपरावर कौलं कमी आणि बेढब दिसतात.

सोपो_फोंडा

ग्रुपचा घोळ सुटला, लुकलुकणंही थांबलं. आता दोन गोष्टी अडल्यात. घराच्या कोपऱ्यावर चिऱ्याचे थर जुळत नाहीत. आणि पुढच्या खिडक्या हिरव्या, मागच्या तपकिरी हव्यात, पण एक रंगवली की सगळ्या बदलतात.

रेघ_म्हापसा

कोपरा: एका बाजूच्या चिऱ्यावर राइट क्लिक, टेक्श्चर, पोझिशन. लाल पिनने सरकवून थराची रेघ जोत्याच्या कडेला लावा. हिरव्या पिनला हात लावू नका, तिने आकार आणि कोन बदलतो. एंटर केल्यावर पेंट बकेट घ्या, ऑल्ट धरून त्याच पृष्ठभागावरून नमुना उचला आणि कोपऱ्यापलीकडच्या पृष्ठभागावर क्लिक करा. थर वळून पुढे जातील. पॅलेटमधून तेच मटेरियल परत निवडलं तर ही जुळणी मिळत नाही.

खिडक्या: ग्रुपच्या ज्या नियमाने तुम्हाला अडवलं, तोच इथे वापरा. कंपोनंटच्या आत जाऊन चौकट आणि झडपांचं मटेरियल डिफॉल्ट करा, काचेला मात्र काचच ठेवा. बाहेर येऊन प्रत्येक खिडकीवर हवा तो रंग ओता. लाकूड तो रंग घेईल, काच तशीच राहील. ‘मेक युनिक’ करून दोन वेगळे कंपोनंट बनवू नका, पुढे झडपेचं माप बदललं की दोन्हीकडे काम करावं लागेल.

आणि रेंडरला देण्याआधी फेस स्टाइल मोनोक्रोम करून मॉडेल भोवताली फिरून बघा. कुठे निळसर पृष्ठभाग बाहेर आला असेल तर तो उलटा आहे: राइट क्लिक, रिव्हर्स फेसेस. उलट्या पृष्ठभागावर दिलेला रंग स्केचअपमध्ये ठीक दिसतो, पण बाहेर एक्सपोर्ट केल्यावर काही ठिकाणी तो भाग पारदर्शक किंवा कोरा येतो. आधी उलटवा, मग रंगवा.

थर_मडगाव

हेच घर पुढे रेव्हिटमध्ये (इमारतींचं मॉडेल करायचं दुसरं सॉफ्टवेअर) नेणार असाल तर चिऱ्यासाठी स्प्लिट फेस (पृष्ठभाग तोडणं) आणि पेंट वापरायचा मोह टाळा. पेंटला जाडी नसते, आणि वॉल टाइप (भिंतीच्या थरांची ठरवलेली रचना) बदलला तरी तो भिंतीला चिकटून राहतो. नंतर कोणाला कळत नाही की टाइपमध्ये गिलावा असताना भिंत चिऱ्याची का दिसते. पेंट फक्त एखाद्या सुट्या ठिकाणी, रंगापुरता.

वॉल टाइपच्या एडिट असेंब्लीमध्ये प्रिव्ह्यू सेक्शनचा (उभ्या छेदाचा) करा. स्प्लिट रीजनने बाहेरचा थर 900 मिमीवर तोडा, नवा थर घाला, त्याची जाडी 0 ठेवून चिऱ्याचं मटेरियल द्या आणि असाइन लेयर्सने खालचा भाग त्याला जोडा. उंची भिंतीच्या तळापासून मोजली जाते. बेस ऑफसेट (भिंतीचा तळ) 450 मिमी खाली नेला तर चिऱ्याची रेघही तेवढीच खाली उतरते, हे धरून आकडा घाला.

गिलाव्याचं मटेरियल डुप्लिकेट करून दुसरा रंग देणार असाल तर अपिअरन्स टॅबमध्ये असेटही (मटेरियल कसं दिसतं ती माहिती) वेगळं डुप्लिकेट करा. नाहीतर दोन्ही मटेरियल एकच असेट वापरतात आणि एकाचा रंग बदलला की दुसराही बदलतो.