साध्या कॅमेऱ्यातून एचडीआर छायाचित्रे : आपले अनुभव लिहा

आमच्या जुन्या वाड्याचे छायाचित्र काढताना ओसरी नीट आली, तर चौकातले ऊन पांढरेफटक होते आणि चौक जमला, तर ओसरी काळोखात बुडते. कमी-अधिक प्रकाशाची तीन छायाचित्रे एकत्र करून (यालाच एचडीआर म्हणतात) हा प्रश्न सोडवता येतो, एवढे कळले आहे. परंतु ज्याच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोडच (प्रकाश स्वतः ठरवण्याची सोय) नाही, त्याने हे कसे साधावे? विदर्भातल्या उन्हात ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी फसलेल्या प्रयत्नांसह लिहावे, ही विनंती. (दर्यापूर तालुका)

लोणार परिसरातून

माझा कॅमेरा दहा वर्षे जुना आहे आणि त्यात फक्त उजेड कमी-जास्त करण्याचे अधिक-उणेचे बटण आहे, पण तेवढे पुरते. दैत्यसूदन मंदिराच्या आतल्या अंधारातून दाराबाहेरचे ऊनही दिसावे, असे छायाचित्र मला हवे होते. उणे २, शून्य आणि अधिक २ अशी तीन छायाचित्रे घेतली; एका पायरीला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या छायाचित्रात सोळा पट फरक पडतो. पहिला प्रयत्न पूर्ण वाया गेला, कारण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, आपोआप बदलत राहिल्याने सर्वांत उजळ छायाचित्र दाणेदार आले आणि व्हाइट बॅलन्सही (उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय) स्वयंचलित असल्याने तिन्हींचे रंग वेगवेगळे निघाले. दुसऱ्या खेपेला आयएसओ १०० वर आणि व्हाइट बॅलन्स 'ऊन' यावर कायम ठेवला. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून सरकी भरलेली कापडी पिशवी उंबऱ्याशी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. अधिक-उणेचे बटण दाबताना कॅमेरा किंचित हललाच, पण हगिन या मोफत सॉफ्टवेअरने छायाचित्रे एकमेकांवर बसवून दिली आणि एन्फ्यूज या दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्यांचा मेळ घातला. (काटेकोरपणे पाहिल्यास एन्फ्यूज एचडीआर फाइल (उजेड-अंधाराची सगळी व्याप्ती साठवणारी) बनवतच नाही, तिन्हींतला नीट उजळलेला भाग घेऊन थेट एकच चित्र तयार करते. मला तेच अधिक नैसर्गिक वाटते.)

वर्धा जिल्ह्यातून

बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीवर मी ही पद्धत वापरून पाहिली आणि पस्तावलो. धुऱ्यावर उभा राहून तीन छायाचित्रे घेईपर्यंत वाऱ्याने सगळे झाड हलले, आणि जोडलेल्या चित्रात एकेका बोंडाला दोन-तीन भुते, म्हणजे पुसट जादा प्रतिमा, चिकटली. जाणारी बंडी तर तीन ठिकाणी अर्धवट उमटली. तेव्हापासून वावरात मी एकच छायाचित्र घेतो, पण उणे १ वर, म्हणजे कापूस फटफटीत होत नाही. सावल्या नंतर संगणकावर थोड्या उचलतो.

बुलढाण्यातून

कॅनन कंपनीचा जुना पॉवरशॉट असेल, तर सीएचडीके जरूर पाहा. मेमरी कार्डावरून चालणारे हे मोफत सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातले मूळ सॉफ्टवेअर बदलत नाही. ते स्वतःच लागोपाठ वेगवेगळ्या प्रकाशाची छायाचित्रे घेते आणि रॉ फाइलही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ चित्र) देते. मात्र आपल्या मॉडेलची आणि फर्मवेअरची (कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरची) नेमकी आवृत्ती जुळली पाहिजे. मी घाईत चुकीची आवृत्ती टाकली, तेव्हा कॅमेरा सुरूच झाला नाही. कार्ड काढल्यावर पूर्ववत झाला, पण तेवढ्या वेळात घाम फुटला.

गडचिरोलीतून

मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी मी भर श्रावणात गेलो होतो. आभाळ इतके भरलेले होते की हिस्टोग्राम (चित्रातला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) दोन्ही टोकांपासून दूर राहिला, म्हणजे एकच छायाचित्र पुरेसे होते. तरी हौस म्हणून तीन छायाचित्रे जोडून टोन मॅपिंगची (जोडलेल्या चित्रातला उजेड-अंधार पडद्यावर मावेल असा बसवण्याची) पट्टी शेवटपर्यंत ओढली, तेव्हा दगडी मूर्ती प्लास्टिकसारख्या चकचकीत आणि आभाळ धुराच्या लोटासारखे दिसू लागले. घरच्यांना तेच आवडले, हे वेगळे. मी मात्र एकच साधे छायाचित्र जपून ठेवले आहे. मूळ प्रश्नकर्त्यांनी दुपारची वेळ टाळून, ऊन चौकातून भिंतीवर चढू लागल्यावर प्रयत्न करून पाहावा. त्या वेळी कदाचित दोनच छायाचित्रांत काम भागेल.