तुमचं पहिलं टर्मिनल आणि त्याचा कीबोर्ड

हिरव्या किंवा पिवळसर अक्षरांच्या टर्मिनलवर ज्यांनी काम केलंय त्यांनी इथे लिहावं. कॉम्प्युटर दुसऱ्याच खोलीत आणि आपल्यापुढे नुसता पडदा नि कळा, हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही. मॉडेल आठवत असेल तर सांगा. कळा कशा होत्या ते तर सांगाच.

पुणे, प्रोग्रामर
डीईसी कंपनीचं व्हीटी-१००. ते आलं १९७८ साली, मला मिळालं बऱ्याच उशिरा. कळ दाबली की येणारी टिकटिक कीबोर्डमधला छोटा स्पीकर काढायचा. सेटअपमध्ये जाऊन ती बंद करता यायची, मी कधी केली नाही. ‘नो स्क्रोल’ कळ मात्र मला आजही हवी आहे. मजकूर भराभर वर पळायला लागला की दाबायची, वाचून झालं की पुन्हा दाबायची.

नाशिक
व्हीआय या टेक्स्ट एडिटरमध्ये सरकायला एच, जे, के, एल का, ते एडीएम-३ए टर्मिनलच्या कीबोर्डचा फोटो पाहिला तेव्हा समजलं. बाण त्याच चार कळांवर छापलेले! बिल जॉयने व्हीआय लिहिला तो याच टर्मिनलवर. एस्केपही तिथे क्यूच्या शेजारी, आज टॅब असते त्या जागी.

न्यू जर्सी
मेनफ्रेमवाले, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर काम केलेले, कुठे आहेत? आयबीएम ३२७० टर्मिनलवर आख्खा पडदा भरायचा, एन्टर दाबलं की सगळं एकदम जायचं. तोवर हवी तेवढी खाडाखोड करा. नको त्या जागी टाइप केलं की कीबोर्ड बंद, मग रीसेट.

पुणे, निवृत्त टायपिस्ट
आमच्या कचेरीत सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट टर्मिनल आलं, भारतीय भाषांत टाइप करायचं. त्याआधी माझा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, अर्ध्या अक्षरांच्या कळा वेगळ्या. जिस्टवर कळांची इनस्क्रिप्ट मांडणी: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. वेलांटी बोलण्याच्या क्रमाने, अक्षरानंतर. पडद्यावर ती आपसूक अक्षराच्या डावीकडे जाऊन बसायची. ‘विद्यालय’ लिहिताना द, मग डीच्या कळेवर पाय मोडायचा, मग य, की ‘द्य’ जुळून समोर. मी शेजारच्या बाईंना हाक मारून बोलावलं होतं ते बघायला. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहेच. मुलाच्या लॅपटॉपवर कळांवर मराठी अक्षरं नाहीत, माझं काही अडत नाही. जिस्टवर आणखी कोणी काम केलंय का? त्या कीबोर्डचा फोटो असेल तर मला फार हवा आहे.